मुखपृष्ठावरचे दाजी

जामखेडच्या पलीकडचं पाल,
८ जानेवारी १९७३

कानिफनाथा,

आशीर्वाद मागाहून देईन, आधी काम ऐक. तुझे दाजी पोलीस ठाण्यात आहेत. नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये म्हणतात, पण मला त्या ठाण्याच्या पायरीवर ते इतक्यांदा घ्यावं लागलंय की आता लाज उरली नाही. श्रीमंत. तुझे दाजी, माझा नवरा. धान्याच्या चोरीत धरलाय.

तुझा पत्ता मला कुणी दिला म्हणून दचकला असशील. तूच दिलास. तुझ्या 'तुफानवीर' नावाच्या चित्रांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पुण्याच्या प्रकाशकाचा पत्ता आहे, आणि आत 'चित्रे : नाथ काळे' असं छापलंय. काळे हे आडनाव बरं सापडलं आपल्याला. पुण्यात काळे म्हटलं की लोक भलत्याच घरचे समजतात आणि तू समजू दिलंस. लग्नाला बोलावलं नाहीस तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा गप्प बसले, आत्ता बसवत नाही.

झालं असं. दाजी बाजारात दोन तितर घेऊन गेले. रद्दीवाल्याकडे तुझं पुस्तक दोरीवर टांगलेलं होतं. मुखपृष्ठावर एक माणूस : भुवईवर रानडुकराने फाडलेली खूण, उजव्या कानाची पाळी तुटलेली, खांद्यावर तितराचा पिंजरा, हातात पाखरं धरायच्या फाशांची माळ. तुझ्या दाजींना अक्षर येत नाही, पण आपलं तोंड कळतं. त्यांनी दोन्ही तितर रद्दीवाल्याला देऊन पुस्तक घेतलं. आणि दिवसभर बाजारात फिरून दाखवलं. "ह्यो मी हाय. माझ्या मेव्हन्यानं काडलाय. पुन्यात असतो. बगा की, कान बगा माझा!" मारवाड्याला दाखवलं, सोनाराला दाखवलं, तलाठ्याला दाखवलं. शेवटी रस्त्यात उभ्या असलेल्या जमादाराला सलाम ठोकून दाखवलं.

त्यांना वाटलं, मुखपृष्ठावर सगळ्यांत मोठा माणूस तो, म्हणजे गोष्ट त्याचीच. मागे निळ्या चड्डीतला, पाठीवर फडकं बांधलेला जो गोरा उडी मारतोय, तो त्यांना डोंबारी वाटला.

त्याच आठवड्यात दुष्काळी कामाच्या गोदामातून मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची, पोती गेली. रस्त्याच्या खडीवर राबणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे की ती दाराने गेली, कुलूप उघडून, बैलगाडीत बसून. पण जमादाराला तुझं पुस्तक आठवलं. त्यात फासेवाल्यांची टोळी दुष्काळातलं सरकारी कोठार फोडते. पालावर येऊन म्हणाला, "ह्यो तूच ना रे?" दाजी हसून म्हणाले, "व्हय साहेब, मीच की." साक्षीदार म्हणून अर्धा बाजार हजर होता.

तू ये. एवढंच सांग, की मी दाजींचा चेहरा आठवून काढला, गोष्ट मनची रचली, आणि हा माणूस चोर नाही. राधाकृष्ण म्हणून इथले वकील आहेत, चांगले आहेत, त्यांचं म्हणणं केस दुसऱ्या कशावर उभीच नाही. एक दिवस लागेल.

आता आशीर्वाद.

तुझी आक्का,
लंकाबाई

◆

१९ जानेवारी १९७३

कानिफनाथा,

उत्तर नाही. पोस्टमन पालाकडे फिरकत नाही, म्हणून मी रोज खडीवरून सुटल्यावर पोस्टात जाते. तो मला बघितल्याबरोबरच मान हलवतो.

पुस्तक आता माझ्याकडे आहे. जमादाराने जप्त केलं ते दाजींनी आणलेलं. मी रद्दीवाल्याकडून दुसरं मिळवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सोलापूरच्या सेटलमेंटात, सरकारने आपल्याला चोर ठरवून कोंडलं होतं तिथे, तारेच्या आतल्या शाळेत बाईंनी आपल्याला वाचायला शिकवलं, त्याचा असा उपयोग होईल असं त्या माउलीला वाटलं नसेल.

हात काय रे तुझा! खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा पानं उलटली तेव्हा मला रडू आलं ते अभिमानानेच. फाशाची गाठ बरोबर आपल्या घरची. घोड्याच्या शेपटीचा केस कसा पिळतात ते बोटांसकट. तितराचा पाय. आईचं बसणं, एक गुडघा उभा करून. त्या टोळीतली म्हातारी आईच आहे ना? तिच्या तोंडात सुळे का दिलेस?

मग मी अक्षरं वाचली. आपली माणसं त्यात बोलतच नाहीत. 'हूं हूं' करतात आणि 'बळी! बळी!' म्हणून शेकोटीभोवती नाचतात. अंगावर पानं. आपण पानं कधी नेसलो रे? आजाच्या डोक्याला फेटा होता आणि अंगात बाराबंदी, तू त्याच्या मांडीवर वाढलास. बरं, चोर दाखवलेस ते एक वेळ सोडून देते, ते तर सगळेच दाखवतात, छापायच्या आधीपासून. पण तितराला साद घालतो कोण, तर तुझा तो गोरा तुफानवीर! त्याला म्हणे हिमालयातल्या साधूने पाखरांची भाषा शिकवली. कानिफनाथा, ती शीळ तुझ्या दाजींची आहे. ओठ मुडपून, जीभ टाळूला लावून, मधेच तोडून परत उचलायची. तू तीसुद्धा चित्रात बरोबर काढलीस, ओठांचा मोड अगदी तोच, आणि नेऊन चिकटवलीस त्या फडकं बांधलेल्याच्या तोंडाला. आमच्याकडचं जे चांगलं ते सगळं त्याला, आणि उरलेलं तोंड तेवढं आम्हाला ठेवलंस. तुला नगरच्या बोर्डिंगात खांद्यावर बसवून कुणी नेलं होतं, हे विचारणार नव्हते, पण विचारते.

दाजींना मी यातलं काही सांगितलेलं नाही. जमादार त्यांना दरोडेखोर म्हणतो तेव्हा त्यांना वाटतं, जमादारालाच वाचता येत नसेल. काल भाकरी घेऊन गेले तर एक डोळा पार मिटलेला. मला म्हणाले, "मेव्हन्याला कळवू नगंस. त्याला लई वाईट वाटंल. एवढं झाक चित्र काडलं पोरानं आन् ह्यांनी त्याचा इस्कोट केला." मी हो म्हटलं. बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकलं.

हे पाकीट बंद आहे म्हणून एवढं लिहिलं. उत्तर आलं नाही तर पुढचं उघड्या कार्डावर लिहीन, प्रकाशकाच्या कचेरीत टपाल उघडणारा जो कोणी असेल तो वाचेल, आणि मग तुझ्या सासुरवाडीलाही कळेल तू कुठल्या पालावरचा ते. मी लिहीन, कानिफनाथा. मला आता कशाचीच भीती उरलेली नाही.

लंकाबाई

◆

२ फेब्रुवारी १९७३
(कार्ड)

चित्रकार नाथ काळे यांस,

तुमची पुस्तकं वाचणारी एक बाई आहे, तिचा नमस्कार. तुमची चित्रं फार आवडतात. मुखपृष्ठावर जो माणूस काढला आहे त्याची तब्येत बरी नाही. रक्त थुंकतो. अठ्ठावीस फेब्रुवारीला तालुक्याच्या कोर्टात त्याला उभा करणार आहेत. तुम्ही आलात तर त्याला बरं वाटेल. घरच्यांना त्रास देण्याचा हेतू नाही. कार्डावर यापेक्षा जास्त लिहवत नाही.

एक वाचक

◆

१२ फेब्रुवारी १९७३

कानिफनाथा,

पाहिलंस, मी लिहिलं नाही. कार्ड पुढ्यात घेतलं, टाक शाईत बुडवला आणि तुझ्या बायकोचा चेहरा, मी कधी न बघितलेला, डोळ्यांपुढे आला. तिचा काय दोष. म्हणून 'एक वाचक' झाले. तुला हसू आलं असेल. लहानपणी मी सोंगं आणायचे तेव्हा तू पोट धरून हसायचास.

तुझं पत्र आलं. चार ओळी, टाइप केलेल्या, खाली सही नाही. 'सदर व्यक्तिरेखा पूर्णपणे काल्पनिक असून कोणत्याही जिवंत व्यक्तीशी तिचा संबंध नाही, एवढे मी न्यायालयात सांगू शकेन. याहून अधिक शक्य नाही. तेथे कोणीही ओळख दाखवू नये.' टाइप करायला कुणाला सांगितलंस की स्वतःच बसलास?

मी ते पत्र घेऊन वकिलांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खरं सांगितलं असतं तर जास्त बळकट झालं असतं. पण हेही चालेल. चित्र ह्याचं नाहीच म्हटलं, की ह्याचं ते बाजारातलं बोलणं वेड्याचं ठरतं. फक्त श्रीमंतानंही तेच म्हणायला हवं. चित्रातला मी नाही, आणि ह्या चित्रकाराला मी ओळखत नाही. दोघांचं जुळलं की सुटला."

दोघांचं जुळायला हवं! तुला हे सोपं वाटत असेल. तू विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्यात देवीचं नाव घेऊन खोटं बोलत नाहीत. चोरीचा आळ असला की पंच देवीचं गाठोडं पुढे ठेवतात, माणूस त्यावर हात ठेवून बोलतो आणि विषय तिथे संपतो, कारण त्या गाठोड्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस आजवर पालावर राहिलेला नाही. वकील म्हणतात, कोर्टात आरोपीला शपथ देत नाहीत. पण तुझे दाजी न्यायाच्या जागी उभे राहून देवीचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. सेटलमेंटातल्या हजेरीच्या वेळीसुद्धा ते साहेबापुढे आधी देवीचं नाव घ्यायचे आणि छडी खायचे.

मग मला त्यांना सगळं सांगावं लागलं. गजांच्या बाहेर बसून पुस्तक वाचून दाखवलं. आई कशी दाखवली ते. शेवटी तुफानवीर त्यांना त्यांच्याच फाशात उलटं टांगतो आणि गावातली मुलं टाळ्या पिटतात, ते पान. त्यांनी एवढंच विचारलं, "शीळ?" मी ती कुणाला दिली आहे ते सांगितलं. मग त्यांनी तोंड फिरवलं. मार खाल्ला तेव्हा फिरवलं नव्हतं.

मी म्हटलं, कानिफ येतोय, पण तुम्हाला ओळखणार नाही, तुम्हीही ओळखू नका. चित्रातला मी नाही असं म्हणा. म्हणाले, "देवी बगती ना." मी म्हटलं, देवी बघतेय तर बघू दे, तिला दिसत असतं तर गोदामाच्या दाराशी लागलेली गाडी दिसली नसती? मग मी जे करायला नको ते केलं. पदर पसरला. म्हटलं, मला विधवा करू नका.

ते अजून हो म्हणालेले नाहीत.

तू ये. तुला जे सांगायचं ते सांग. आम्हाला ओळखू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मी कोर्टात मागे बसेन, पदर तोंडावर घेऊन. तू काल्पनिक म्हण, खोटं म्हण, पण ये. ते अजून एक महिना त्या कोठडीत काढू शकणार नाहीत. काल पाणी पितानाही त्यांना कुशीवर वळावं लागलं. मी तुझ्या पाया पडते, मोठी असून.

लंकाबाई

◆

११ मार्च १९७३

वर नाव घातलेलं नाही. का ते पत्रातच कळेल.

तू आलास. काळा कोट घातला होतास, हातात कातड्याची पिशवी. केस मागे सरू लागलेत, बाबांचे गेले तसेच. मी मागच्या बाकावर होते, पदराआडून बघत होते. तू एकदाही मागे वळला नाहीस. बोलल्याप्रमाणे वागलास, तक्रार नाही.

तू बोललास तेही चांगलं बोललास. चित्र काल्पनिक आहे, या इसमाला मी पूर्वी कधी पाहिलेलं नाही. एवढ्यावर थांबला असतास तर चाललं असतं. मॅजिस्ट्रेटनी पुस्तक हातात घेऊन दाजींकडे पाहिलं, परत पुस्तकाकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग साम्य इतकं कसं?" तेव्हा तू हसलास. हसून म्हणालास, "साहेब, या लोकांचे चेहरे साधारण सारखेच असतात." लोक हसले. शिपाईसुद्धा हसला. बायकांच्या बाकावर मी एकटीच होते, मला कुणी बघितलं नाही.

मग दाजींना विचारलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. वाकून फरशीवरची धूळ बोटाने घेतली, कपाळाला लावली आणि देवीचं नाव घेतलं. वकिलांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार आणि मरणार.

ते म्हणाले, "आन घेऊन सांगतो साहेब. ह्या सायबाला मी वळकत न्हाई. माझा एक मेव्हना हुता, चित्रं काडायचा, लई झाक काडायचा. मला वाटलं, त्यानंच काडलं. म्हनून बाजारात मिरवलो. पर माझी चूक झाली. त्यो मेला. मेलेला मानूस माझं चित्र कसं काडंल?"

तेव्हा मात्र तू वळून पाहिलंस. मी पाहिलं तुझ्याकडे, पदर खाली घेऊन. तुझ्या हातातली पिशवी खाली पडली, ती तू उचलली नाहीस, शिपायाने उचलून दिली.

ते सुटले. मॅजिस्ट्रेट म्हणाले, या बिचाऱ्याला दुःखाने भ्रम झालेला दिसतो, आणि केसमध्ये दुसरं काही नाही. संध्याकाळच्या एस.टी.त कंडक्टरने आम्हाला बसू दिलं नाही, तेव्हा चालत पालावर आलो. ते वाटेत थांबत थांबत चालले. मी बोलायला पाहत होते, देवी माफ करेल, जिवावर बेतलं की चालतं, असलं काहीबाही. ते म्हणाले, "माफी कशापायी? मी काय खोटं बोललो न्हाई."

पालावर पोचल्यावर बसलेसुद्धा नाहीत. पंचांना बोलावलं. म्हणाले, देवीचं नाव घेऊन बोललोय की मेव्हणा मेला, तर त्याचं जे करायचं ते करा. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा रंभाजी म्हणाला, "बाई, तुजा सख्खा भाऊ. तू सांग. मेला का?" चुलीवरचं पाणी उकळत होतं. मी नाही म्हटलं असतं तर देवीच्या नावाने खोटं बोललेला माणूस म्हणून माझा नवरा त्याच क्षणी पालाबाहेर गेला असता, फुटलेल्या छातीने, उन्हाळ्याच्या तोंडावर, दुष्काळात.

मी हो म्हटलं.

देह नसला की आपल्यात गवताचा माणूस करतात. दाजींनीच केला. नीट केला, डोकं, खांदे, सगळं. पुरायला त्यांनीच नेला, जसं तुला बोर्डिंगात नेलं होतं. फक्त माती लोटताना म्हणाले, "हात चांगला हुता पोराचा."

आज सुतक फिटलं. मेलेल्याला पत्र लिहीत नाहीत, आणि मी हे लिहिल्याचं इथे कुणाला कळलं तर तो वेगळाच तमाशा होईल. पण तुला कळायला हवं म्हणून लिहिते. इकडे येऊ नकोस. कधीच. पालावरची पोरं तुला भूत समजून दगड मारतील आणि मला त्यांना थांबवता येणार नाही. तुझ्यामुळे ते सुटले हे खरं आहे, आणि त्याबद्दल तुझे उपकार मानायला मला इथे कुणासमोर तुझं नाव घेता येणार नाही, म्हणून इथेच मानते. सुखाने राहा. बायकोला जप.

एवढंच सांगायचं राहिलं. माती देऊन आल्यावर बायका जमल्या. रडायला मलाच पुढे बसवलं. तुला ठाऊक आहे, गेलेल्याचं रूप सांगून रडतात. नव्या लग्न होऊन आलेल्या सुनांनी तुला कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आक्का, दिसायला कसा हुता वं तुमचा भाऊ?"

मी म्हटलं, आपल्यासारखाच होता.

लंकाबाई